नोंदवही कोणाची?



ज्या शाळेच्या बाकांवर बसून मी चार गोष्टी शिकलो, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून आज मला बोलण्याची संधी मिळत आहे. हा सन्मान माझ्या योग्यतेपेक्षा मोठा आहे, याची मला जाणीव आहे. ज्यांच्या स्मृत्यर्थ आपण ही व्याख्यानमाला योजता, ते गुरुजी आम्हांला शास्त्र आणि भूगोल शिकवीत. त्यांच्याविषयी आदराने बोलणारे पुष्कळ आहेत. मी केवळ एक प्रसंग सांगतो; कारण माझ्या आजच्या विषयाचे बीज त्यातच आहे.

शाळेच्या मागच्या अंगणात तेव्हा एक पर्जन्यमापक होता. रोज सकाळी साडेआठ वाजता नववीच्या वर्गातील एका मुलाने जाऊन पात्रातील पाणी मोजायचे आणि मिलिमीटरमध्ये वहीत लिहायचे, असा गुरुजींचा दंडक होता. १९६४ च्या जुलै महिन्यात ती पाळी माझ्याकडे होती. एका रविवारी मी गेलोच नाही. सोमवारी वहीत रविवारच्या रकान्यात मी बेधडक शून्य लिहून टाकले. गुरुजींनी ते पाहिले आणि विचारले, "काल तू आला होतास?" मी मान खाली घातली. ते रागावले नाहीत. त्यांनी माझ्याच हाताने शून्यावर रेघ मारवली आणि शेजारी लिहायला लावले: "पाहिले नाही." मग म्हणाले, "शून्य म्हणजे पाहिले, आणि पाऊस नव्हता. पाहिले नाही म्हणजे आपल्याला ठाऊक नाही. या दोहोंत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ही वही तुझी नाही, माझीही नाही. पन्नास वर्षांनी जो कोणी ती उघडील, त्याची आहे."

त्या वयात या वाक्याचा अर्थ मला कळला नाही. पुढे भूगर्भशास्त्राचा अध्यापक होऊन निवृत्त झाल्यावर, आणि एका मोठ्या चुकीची शिक्षा भोगल्यावर, तो कळला. म्हणून आज मी आपणांपुढे जो विषय मांडणार आहे तो असा: संशोधक ज्या मूळ नोंदींच्या आधारे आपले निष्कर्ष काढतो, त्या नोंदी कोणाच्या? आणि त्या सर्वांना खुल्या असाव्यात अशी सोय आज जगात कशी झाली आहे?

प्रथम शब्दाविषयी. इंग्रजीत ज्याला डेटा म्हणतात त्याला मराठीत विदा, प्रदत्त, आधारसामग्री असे अनेक प्रतिशब्द सुचवले गेले आहेत. मी आज आधारसामग्री किंवा नुसते नोंदी असे म्हणेन. निबंध ही शिजलेली भाजी मानली, तर नोंदी म्हणजे शेतातून आलेला माल होय. भाजी चाखून माल कसा होता याचा केवळ तर्क करता येतो. आणि त्याच मालाचे दुसरे काही करून पाहायचे असेल, तर भाजीचा काही उपयोग नाही.

आता माझी चूक सांगतो. १९७८ ते १९८६ या काळात मही आणि ढाढर या नद्यांच्या परिसरातील २९ विहिरींची पाण्याची पातळी मी मोजत असे. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळा संपल्यावर, सायकलवरून नाही तर एस. टी. ने जायचे, दोरीला बांधलेले वजन विहिरीत सोडायचे आणि वहीत आकडा लिहायचा. त्यावर मी दोन निबंध लिहिले. निबंधांत सरासरी आल्या, आलेख आले, माझे नाव आले. मूळ आकडे आले नाहीत. तितकी जागा कोणतेच नियतकालिक देत नसे. १९८७ मध्ये ते सारे आकडे मी सव्वापाच इंची संगणकीय तबकड्यांवर उतरवून घेतले आणि कृतकृत्य झालो.

२०१२ साली एका तरुण संशोधक विदुषीचे पत्र आले. त्याच भागातील भूजल गेल्या तीन दशकांत किती खाली गेले, याचा ती अभ्यास करीत होती. तिने अत्यंत विनयाने माझ्या मूळ नोंदी मागितल्या होत्या. मी कपाट उघडले. चार वह्यांपैकी दोन वह्यांना वाळवी लागलेली. तबकड्या होत्या, परंतु त्या वाचणारे यंत्र शहरात मिळेना. शेवटी एका विद्यार्थ्याने खटपट करून एका तबकडीतील आकडे बाहेर काढले. तेव्हा खरा धक्का बसला. रकान्यांना मी "क १", "क २", "प" अशी नावे दिली होती. "प" म्हणजे पातळी की पाऊस, हे मलाच आठवेना. त्याहून वाईट गोष्ट अशी की पाण्याची खोली मी विहिरीच्या कठड्यापासून मोजली होती की जमिनीपासून, याचा उल्लेख कोठेही नव्हता. काही विहिरींचे कठडे मधल्या काळात नव्याने बांधले गेले होते. तेथे दीड-दोन हातांचा फरक पडतो. आणि तिला नेमका तेवढाच फरक शोधायचा होता.

मी तिला प्रांजळपणे लिहिले की माझे आकडे आता निरुपयोगी आहेत. आठ वर्षांच्या नोंदी, आणि ते उन्हाळे पुन्हा येणार नाहीत. निबंध ग्रंथालयात सुरक्षित आहेत. परंतु ज्यावर ते उभे होते तो पाया मी हरवून बसलो. शून्य आणि पाहिले नाही यांतला भेद मला गुरुजींनी शिकवला होता. तोच मी मोठेपणी विसरलो.

हे केवळ माझ्यासारख्या निष्काळजी माणसाचेच घडते असे नाही. जीवशास्त्रातील ५१६ निबंधांच्या लेखकांकडे त्यांची मूळ सामग्री मागून पाहण्याचा प्रयोग काही संशोधकांनी केला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. निबंध २ ते २२ वर्षांपूर्वीचे होते. त्यांना आढळले की सामग्री अजून अस्तित्वात असण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर निबंधाच्या वयाच्या प्रत्येक वर्षामागे १७ टक्क्यांनी घटत जाते. पत्ते बदललेले असतात, यंत्रे कालबाह्य झालेली असतात, माणसे निवृत्त झालेली असतात. कोणी मुद्दाम काही नष्ट करीत नाही. नोंदी एका माणसाच्या कपाटात असतात, आणि कपाटाला माणसाइतकेच आयुष्य असते.

बंधुभगिनींनो, आपणां मराठी भाषकांना हे दुःख नवे नाही. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुन्या घराण्यांची दप्तरे का जमवीत होते? इतिहास लिहायचा तर मूळ कागद पाहिजेत, आणि ते कागद माळ्यावर कुजत आहेत, हे त्यांनी ओळखले होते. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला आणि पुढे २२ खंड झाले. त्या नावाकडे लक्ष द्या. साधने! राजवाड्यांनी प्रस्तावनांतून आपली मते ठासून मांडली, आणि त्यांतली कित्येक पुढच्या अभ्यासकांनी खोडून काढली. खोडताना त्यांनी वापरली ती राजवाड्यांनीच छापलेली साधने. मते गेली तरी साधने राहिली, आणि म्हणूनच त्यांचे ऋण आपण आजही मानतो.

आपल्या बडोद्याचा संबंध तर याहून जवळचा आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी आपल्या उमेदीची वर्षे सयाजीराव महाराजांच्या सेवेत घालवली. निवृत्तीनंतर पुण्यातील पेशवे दप्तराचे काम त्यांच्याकडे आले. ते दप्तर दीर्घकाळ अभ्यासकांना जवळजवळ बंदच होते. १९३० ते १९३४ या काळात सरदेसाईंच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. कुलपातले कागद छापखान्यात आले आणि मराठ्यांच्या इतिहासाची चर्चा पुणे, कलकत्ता, बडोदे अशी कोठेही बसून करता येऊ लागली.

तिसरे उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. १९१९ मध्ये सुरू झालेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहून एक पाठ सिद्ध केला. परंतु ती आवृत्ती उघडली की पानाचा मोठा भाग खालच्या टीपांनी व्यापलेला दिसतो. कोणत्या हस्तलिखितात कोणता शब्द आहे, हे तेथे नोंदवलेले असते. संपादक जणू म्हणतो, मी हा पाठ निवडला. तुला पटत नसेल तर ही घे सारी सामग्री आणि तू निवड. आपल्या येथील प्राच्यविद्या मंदिराने १९६० ते १९७५ या काळात वाल्मीकिरामायणाची जी चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली तीही याच पद्धतीची. पुढे क्योतो येथील मुनेओ तोकुनागा यांनी महाभारताचा तो पाठ संगणकावर उतरवला, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी तो शुद्ध करून सर्वांसाठी खुला ठेवला, आणि आज एखादा शब्द लक्षभर श्लोकांच्या त्या परंपरेत कोठे कोठे आला आहे हे एखादा विद्यार्थी घरबसल्या क्षणात पाहू शकतो. आधारसामग्री खुली करणे ही कल्पना परदेशातून आलेली नवलाई आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी हे तीन दाखले स्मरावेत.

निसर्गशास्त्रातील एक उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि ते मुंबईचे आहे. कुलाब्याच्या वेधशाळेची स्थापना १८२६ ची. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद होऊ लागली. त्या काळी आपोआप रेषा काढणारी यंत्रे तेथे नव्हती. निरीक्षक दर तासाला डोळ्यांनी वाचन करीत, आणि चुंबकसुईची चलबिचल वाढली की काही मिनिटांच्या अंतराने. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर एक प्रखर उद्रेक पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ कोसळले. तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. युरोपातील काही वेधशाळांत नोंदीची रेषा कागदाबाहेर गेली आणि मोजणीच तुटली. कुलाब्याचे निरीक्षक मात्र वाचने लिहीत राहिले. ते आकडे वेधशाळेच्या वार्षिक ग्रंथात छापले गेले आणि मग जवळजवळ दीड शतक कोणी त्यांची फारशी विचारपूस केली नाही.

२००३ मध्ये ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह चार संशोधकांनी ते आकडे पुन्हा वाचले. त्यांतील गुरबक्ष लखिना आणि एस. अ‍ॅलेक्स हे दोघे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील होते. क्षितिजसमांतर चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली आले होते असे त्यांनी दाखवले. ही घट किती प्रचंड होती याची कल्पना यावी म्हणून सांगतो: मार्च १९८९ च्या ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांतात सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले, त्याची तीव्रता याच मापाने ६०० च्या आत होती. कथा येथे संपत नाही. २००६ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच आकड्यांची तासागणिक सरासरी घेऊन वादळाची तीव्रता पूर्वीच्या अनुमानाच्या सुमारे निम्मीच ठरवली. २०२२ मध्ये आणखी एका आंतरराष्ट्रीय गटाने जुने वार्षिक ग्रंथ पुन्हा चाळून चुंबकीय बलाचे तीनही घटक मांडले. आज वीजवाहिन्या आणि उपग्रह यांना अशा वादळापासून किती धोका आहे याचा हिशेब करणारा शास्त्रज्ञ १८५९ च्या कुलाब्यातील त्या निनावी निरीक्षकांच्या हस्ताक्षरावर विसंबून असतो. त्यांना उपग्रह स्वप्नातही ठाऊक नव्हता! नोंद कशाच्या उपयोगी पडेल हे नोंद करणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणूनच ती कोणाला द्यावी हेही त्याने एकट्याने ठरवू नये.

त्या नोंदी टिकल्या याचे कारण त्या छापल्या गेल्या, इतकेच नव्हे. त्या समजतील अशा लिहिल्या गेल्या. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार, आणि त्यामुळे कुलाब्याची मापने बिघडणार, हे दिसू लागताच तेथील संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ या काळात कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या जागेतील फरक कळावा आणि साखळी तुटू नये. १९०७ मध्ये ट्राम आली. नोंदींची परंपरा अखंड राहिली. माझ्या विहिरींचे कठडे बदलले तेव्हा मी हेच करायला हवे होते. सामग्री म्हणजे केवळ आकडे नव्हेत. आकडा, त्याचे एकक, तो घेण्याची रीत, स्थळ, काळ, आणि काय पाहिले नाही याची कबुली, हे सारे मिळून सामग्री होते.

आता प्रश्न असा की कुलाब्याच्या वेधशाळेला सरकारी छापखाना होता. एकट्या अध्यापकाने, लहान महाविद्यालयाने, शाळेने काय करावे? याचे उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांत मिळाले आहे. विद्यापीठांनी आणि संशोधनसंस्थांनी संगणकाच्या जाळ्यावर आधारसामग्रीची खुली भांडारे उभारली आहेत. त्यांपैकी एकाचेच वर्णन करतो, म्हणजे बाकीच्यांची रीत ध्यानात येईल.

जिनीव्हाजवळ सर्न ही युरोपीय देशांची अणुकेंद्रीय संशोधनसंस्था आहे. जागतिक संगणकजाळे, ज्याला वेब म्हणतात, ते तेथेच १९८९ मध्ये कल्पिले गेले, आणि १९९३ मध्ये त्या संस्थेने ते कोणतेही शुल्क न घेता जगाला देऊन टाकले. त्याच संस्थेने युरोपीय आयोगाच्या साहाय्याने मे २०१३ मध्ये झेनोडो नावाचे भांडार सुरू केले. नाव ठेवले आहे अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयाचे पहिले ग्रंथपाल झेनोडोटस यांच्यावरून. प्रत्येक गुंडाळीच्या टोकाला लेखक आणि विषय यांची चिठ्ठी जोडण्याची पद्धत त्यांच्या नावे सांगतात. कोणत्याही देशाचा, कोणत्याही शास्त्राचा अभ्यासक तेथे आपली सामग्री ठेवू शकतो. एका नोंदीत ५० गिगाबाइटपर्यंत, आणि त्यासाठी पैसा द्यावा लागत नाही.

ठेवताना चार गोष्टी कराव्या लागतात. पहिली, वर्णन: शीर्षक, कर्ते, काळ, स्थळ, पद्धत, रकान्यांचे अर्थ. दुसरी, परवाना: मूळ कर्त्याचे नाव सांगून कोणीही वापरावी, अशासारखी अट आपण स्वतः निवडतो. तिसरी, मर्यादा: सामग्री लगेच खुली करायची, ठरावीक मुदतीनंतर करायची, की विचारून द्यायची, हेही आपणच ठरवतो. चौथी गोष्ट भांडार करते: ते त्या सामग्रीला एक कायमचा क्रमांक देते. त्याला डीओआय म्हणतात. आधारसामग्रीला असे क्रमांक मिळावेत म्हणून २००९ मध्ये डेटासाइट ही संघटना स्थापन झाली. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी हा क्रमांक वाचकाला योग्य जागी नेतो, आणि निबंधाचा जसा संदर्भ देतात तसा सामग्रीचाही देता येतो. पुढे चूक सापडली तर जुनी प्रत गुपचूप बदलता येत नाही. नवी आवृत्ती नव्या क्रमांकाने ठेवावी लागते आणि जुनीही दिसत राहते. खोडलेले शून्य आणि त्याशेजारची दुरुस्ती, दोन्ही वहीत राहतात.

२०१६ मध्ये अनेक देशांच्या अभ्यासकांनी मिळून चार तत्त्वे मांडली, त्यांना आद्याक्षरांवरून फेअर म्हणतात: सामग्री सापडावी, मिळावी, इतर सामग्रीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. हे वाचताना मला आपल्या मध्यवर्ती ग्रंथालयाची आठवण झाली. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. सूची केल्याशिवाय पुस्तक सापडत नाही, मोकळ्या फडताळाशिवाय मिळत नाही, आणि जेथे वाचक येऊ शकत नाही तेथे पुस्तकांची पेटी पाठवावी लागते. बडोद्याने शंभर वर्षांपूर्वी पुस्तकांसाठी जे केले, तेच जग आज नोंदींसाठी करू पाहत आहे. आपल्या देशातही २०१२ मध्ये सरकारी आधारसामग्री खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये जीवशास्त्रीय सामग्रीसाठी फरिदाबादला राष्ट्रीय केंद्र सुरू झाले.

यावर आक्षेप आहेत, आणि ते टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. पहिला आक्षेप: मी उन्हातान्हात नोंदी घ्यायच्या आणि दुसऱ्याने घरी बसून श्रेय न्यायचे? हे भय पुरातन आहे. ट्यूको ब्राहे यांनी मंगळाच्या नोंदी केपलरना हात आखडूनच दाखवल्या. १६०१ मध्ये ब्राहे निवर्तले, नोंदी केपलरांच्या हाती आल्या, आणि केवळ आठ कलांची तफावत सोडून देणे जिवावर आल्यामुळे केपलरांनी ग्रहाची वर्तुळाकार कक्षा टाकून दिली व १६०९ मध्ये लंबवर्तुळ जगापुढे मांडले. ब्राहे यांचे नाव त्यामुळे बुडाले का? उलट, त्यांची स्वतःची ग्रहव्यवस्था आज कोणी मानत नाही; त्यांना आपण ओळखतो ते त्यांच्या नोंदींमुळे. तथापि तरुण संशोधकाचे भय मी क्षुल्लक मानत नाही. त्याच्यासाठी मुदतीची सोय आहे, क्रमांकाने श्रेयाची सोय आहे. उणीव आहे ती आपल्या संस्थांत: नेमणुका आणि बढत्या देताना आपण निबंध मोजतो, नोंदी मोजत नाही. हे बदलले पाहिजे.

दुसरा आक्षेप सहसा मोठ्याने बोलला जात नाही: माझ्या चुका उघड होतील. होतील! २०१० मध्ये कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी असे मांडले की राष्ट्राचे कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढीची सरासरी उणे ०.१ टक्क्यावर येते. अनेक देशांच्या काटकसरीच्या धोरणांना त्याचा आधार दिला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांच्याकडे मूळ तक्ता मागितला. त्यांनी तो दिला, ही त्यांच्या पक्षी जमेची बाब. तक्त्यातील एका सूत्रात पाच देश सरासरीतून गळले होते. ही चूक आणि काही देश-वर्षे वगळण्याच्या व भारांकनाच्या पद्धतीतील दोष दूर केल्यावर सरासरी २.२ टक्के येते असे त्याने व त्याच्या शिक्षकांनी दाखवले. मूळ लेखकांनी तक्त्यातील चूक मान्य केली. मुख्य निष्कर्ष सोडला नाही. वाद चालू राहिला, परंतु तो आता सर्वांसमोर, आकड्यांवर चालू लागला. तो तक्ता तीन वर्षे आधीच खुला असता तर?

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि तो मी मान्य करतो. सर्वच नोंदी खुल्या करता येत नाहीत. रुग्णाचा आजार, एखाद्या घराचे कर्ज, एखाद्या वस्तीची जात, दुर्मिळ वनस्पतीची नेमकी जागा, ही माहिती ज्याने विश्वासाने दिली वा जिच्यामुळे कोणाला इजा पोहोचेल, तिच्यावर संशोधकाचा हक्क नाही. तेथे नावे काढावी, जागा पुसट करावी, किंवा कुलूपच ठेवावे आणि कुलूप का आहे ते लिहावे. शक्य तितके खुले, आवश्यक तितके बंद, असा नियम आज सर्वत्र मानला जातो. दप्तर लपवणे आणि माणसाची लाज राखणे यांत भेद आहे; तो विवेकाने करायचा असतो, आळसाने नव्हे.

खुलेपणाचे मोल काय असते हे आपण नुकतेच जगलो आहोत. ११ जानेवारी २०२० रोजी शांघायच्या झांग योंगझेन यांच्या गटाने नव्या करोना विषाणूची जनुकीय मांडणी, ऑस्ट्रेलियातील एडवर्ड होम्स यांच्या द्वारे, सर्वांसाठी प्रसिद्ध केली. दोन दिवसांत एका लशीचा आराखडा निश्चित झाला आणि १६ मार्चला तिची पहिली मात्रा माणसाला टोचली गेली. विषाणू कोणी कोणाला पाठवला नव्हता. पाठवली होती ती अक्षरांची एक मालिका. आपल्यापैकी ज्यांनी त्या दोन वर्षांत आपली माणसे गमावली, त्यांच्यापुढे मी याहून अधिक बोलत नाही.

आता समारोप. हे व्याख्यान ठरल्यावर मी मुख्याध्यापकांना भीतभीतच विचारले की गुरुजींच्या पावसाच्या वह्यांचे काय झाले. त्यांनी प्रयोगशाळेचे जुने कपाट उघडून दिले. वह्या आहेत. सर्व नाहीत, मधली दोन वर्षे मिळत नाहीत. परंतु पहिल्या पानावर गुरुजींच्या अक्षरात लिहिले आहे: पात्राचा व्यास, जमिनीपासूनची उंची, मोजण्याची वेळ. एके ठिकाणी लिहिले आहे की निंबाची फांदी पात्रावर येऊ लागली म्हणून आज छाटली. आणि १९६४ च्या जुलैत, एका रविवारच्या रकान्यात, रेघ मारलेले एक शून्य आहे व शेजारी माझ्या कोवळ्या अक्षरात दोन शब्द आहेत. माझी भूजलाची आठ वर्षे गेली. त्यांचे हे एकवीस पावसाळे अजून वाचता येतात.

म्हणून संस्थेच्या चालकांना माझी एक विनंती आहे. या वह्यांची पाने छायाचित्रित करावी. दहावी झालेल्या मुलांनी सुट्टीत आकडे तक्त्यात उतरवावे. एकाने वाचावे, दुसऱ्याने लिहावे, तिसऱ्याने ताडून पाहावे. पहिल्या पानावरचे वर्णन जसेच्या तसे जोडावे. जेथे "पाहिले नाही" असेल तेथे रिकामी जागा न ठेवता तसेच लिहावे. दोन वर्षे हरवली आहेत हेही लिहावे. मग ते सारे एखाद्या खुल्या भांडारात ठेवावे, कर्ता म्हणून गुरुजींचे आणि शाळेच्या विद्यार्थ्यांचे नाव द्यावे, आणि मिळालेला क्रमांक शाळेच्या फलकावर रंगवावा. या कामात पडेल तो भार मी उचलीन. ते माझे प्रायश्चित्त समजा.

त्या आकड्यांचे कोण काय करील, मला ठाऊक नाही. गुरुजींनाही ठाऊक नव्हते. वही कोणाची, एवढे मात्र त्यांना ठाऊक होते.